पंपाला घातलेला हार

१२ जानेवारी

मका टोकून झाला. अकरा घरांनी माझ्या शब्दावर खाचरं नांगरली, हे मी गर्वानं लिहितो आणि त्या गर्वाची मला लाज वाटत नाही. भात निघालं की आमच्या गावची जमीन जूनपर्यंत उताणी पडते, आणि तिचे मालक मळवलीपासून लोणावळ्यापर्यंत दुसऱ्यांच्या बंगल्यांची फाटकं उघडत बसतात. पारावर मी एवढंच म्हणालो, "जी जमीन तुम्ही सहा महिने रिकामी ठेवता, तिच्यावर कुणीतरी पोहायचा तलाव बांधणारच." लोक गप्प झाले. कोणतं गप्प बसणं होकाराचं, ते मला कळतं. तळेगावच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी युनियनचा चिटणीस होतो.

हिरवा मका आधी आपापल्या जनावरांना, उरलेला सोमाटणे-परंदवडीकडच्या गोठ्यांना विकायचा. पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून, सामाईक पंपानं. वरच्या अंगाला मुंबईच्या साहेबाचा बंगला आहे आणि त्याचीही मोटर त्याच बंधाऱ्यात सोडलेली आहे. त्याचं पुढं बघू.

घरी आलो तर बायको म्हणाली, "भाषान झालं. आता निंदायला कोन येनार ते बोला." नंदाबाईला इतिहास घडताना दिसत नाही, तण दिसतं.

निंदायला ठाकरवाडीची झुंबरबाई येणार आहे. एकटी म्हातारी, एक गाय, आणि त्या गाईच्या दुधावर तिचं सगळं. मजुरी निम्मी रोख आणि निम्मी ओल्या चाऱ्यात, असं मीच ठरवलं. पैसा दिला की माणूस नोकर होतो, चारा दिला की सोबती होतो.

२० फेब्रुवारी

कृषी सहायकानं युरिया तीन हप्त्यांत टाकायला सांगितलं होतं आणि प्रत्येक हप्त्यामागं पाणी. पहिला पेरणीबरोबर दिला. दुसऱ्याच्या वेळी दुकानात युरिया नव्हता. आठ दिवसांपूर्वी आला. मी सगळ्यांना दुसरा आणि तिसरा एकदम टाकायला लावला. दुकानात पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा कुणी द्यायचा? मिळालेला हक्क हप्त्याहप्त्यानं वापरायचा नसतो, हे मला कारखान्यानं शिकवलं.

नंदाबाई बांधावर उभी राहून म्हणाली, "दोन टायमाचं एकदाच वाढलं, तर जेवनार कोन?"

"पीक म्हणजे माणूस नव्हे," मी म्हणालो.

"व्हय, मानूस न्हाई. मानूस ताटावरनं उठून तरी जातंय."

मागून पाणी दिलं. सात-आठ दिवसांत मक्यानं असा रंग धरला की रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. काळाशार.

१ मार्च

ओढा आटत चालला. बंधाऱ्यात कमरेइतकं होतं ते मांडीवर आलं. बंगल्याचा तलाव मात्र काठोकाठ. शनिवारी तिथं पोरं उड्या मारतात आणि पाणी फरशीवरून वाहून गवतात जातं. मी कुंपणाशी उभा राहून पाहिलं. 

संध्याकाळी बंगल्याचा राखणदार गोविंदा आला. हा झुंबरबाईचा भाचा. वाडीतच राहतो, बायकोचं नाव बाया. चांगला मुलगा होता, पण फाटकाची किल्ली कमरेला लागली की माणसाची कंबर वाकते.

ओट्यावर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "भाऊ, साहेबांचा फोन आलता. म्हनत्यात, एक दिवसाआड घ्या पानी. तुमच्या दिवशी मी आमची मोटर लावनार न्हाई. माझ्यावर सोडा."

"तुमच्या दिवशी? म्हणजे बाकीचे दिवस त्यांचे?"

"तसं न्हाई भाऊ. पानी तेवढंच हाये, मका वाळाय नको, म्हनून म्हनलं."

"बंधारा कुणी बांधला रे?"

"गावानं."

"मग गावाला वाटणी कोण देतोय?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मला एवढं बोलाया येत न्हाई. मका चांगला आलाय, एवढं कळतंय." आणि गेला.

एक दिवसाआड! ज्याचं घर त्यानंच एक दिवसाआड घरात यायचं. आपल्याच वस्तूचा तुकडा दुसऱ्याच्या हातून घेतला की ती वस्तू त्याची झाली. साऱ्या जगात राज्यं अशीच गेली, लढाईत थोडी आणि अशा वाटणीत पुष्कळ.

३ मार्च

संप.

आज पारावर मी जे बोललो ते मला स्वतःलाही नवं होतं. मी म्हणालो, भीक म्हणून मिळणाऱ्या पाण्याचा एक थेंब आमचा पंप उचलणार नाही. बंगल्याची मोटर बंधाऱ्यातून निघेपर्यंत आमचा पंप बंद. सुकलेला मका रस्त्यावरून सगळ्यांना दिसू दे. वर्तमानपत्रवाले येऊ देत. यंत्र थांबलं की मालक वाकतो, हे मी एकदा नव्हे तीनदा पाहिलंय.

टाळ्या झाल्या. आम्ही वाजतगाजत बंधाऱ्यावर गेलो, पंपाच्या खोक्याला कुलूप लावलं आणि पंपाला झेंडूचा हार घातला. किल्ली माझ्याकडं दिली. घरी येऊन देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली.

नंदाबाईनं किल्लीकडं बघितलं. "पंप आपला, मका आपला," ती म्हणाली. "मंग संप कुनाच्या इरोधात?"

हे वाक्य मी उतरवून ठेवतो. लढ्याच्या वेळी घरातून कसं बोलतात, याचा नमुना म्हणून.

१५ मार्च

पानं सुरळीसारखी गुंडाळली आहेत. दुपारी शेतात उभं राहिलं की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. वर्तमानपत्रवाला एक आला, त्यानं फोटो काढले, चहा घेतला. बातमी आली नाही.

पप्पू, माझ्या भावकीतला, त्याचं खाचर माझ्या खालीच, काल कुलपाशी खुटखुट करताना सापडला. मी चार माणसांत त्याला विचारलं, "पप्पूशेठ, साहेबाच्या तलावात पोहायला कधी जाताय?" सगळे हसले. तोही हसला, पण नजर वर केली नाही. "भाऊ, घरची दोन जनावरं नुसत्या पेंढ्यावर हायेत वो," एवढं म्हणाला.

खरं सांगायचं तर आज पहाटे जाग आली तेव्हा शंका आली होती. कारखान्यात यंत्र थांबायचं तेव्हा मालकाचं नुकसान व्हायचं. इथं बंगल्याचं काय नुकसान होतंय? तलाव भरलेला आहे. गोविंदा झाडांना पाणी घालतो आहे. बराच वेळ छताकडं बघत पडलो. मग उठून तोंड धुतलं. प्रत्येक लढ्यात अशी एक पहाट येते. तिला शरण जाणारे पुढारी मी पाहिले आहेत, आज ते सोसायट्यांचे चेअरमन आहेत.

२४ मार्च

काल दुपारनंतर अवकाळी कोसळला. तासभर, गारांशिवाय. आज सकाळीच शेतात गेलो. मका उभा! पानं उलगडलेली, बुंधा जाड, रंग पूर्वीहून काळा. एका रात्रीत! बंगल्याकडं हात न पसरता आम्हाला पाणी मिळालं. बंधाऱ्यावर जाऊन जमलेल्या पोरासोरांपुढंच बोललो. हार वाळलाय, पण तसाच राहू दे म्हणालो.

उद्या कापणी सुरू. पहिला भारा झुंबरबाईला. तिची निम्मी मजुरी थकली आहे आणि तिची गाय गेले काही दिवस माळावरचं वाळकं हुंगत फिरते आहे. पहिलं पीक शेवटच्या माणसाला, हा आमचा रिवाज होऊ दे.

२५ मार्च

भारा मी स्वतः डोक्यावरून वाडीत नेला. या वयात. झुंबरबाई दारात येऊन म्हणाली, "भाऊ, तू कशाला आनलास? लोक काय म्हनतील!" गाय एवढी भुकेली की दाव्याला हिसडे देत होती. भारा पुरता टाकण्याआधीच तिनं बुंध्यापासून ओढायला सुरुवात केली. म्हातारी तिच्या पाठीवर हात फिरवत हसत होती. दात नाहीत, पण काय हसली!

संध्याकाळपर्यंत मी त्या हसण्यावरच होतो.

२६ मार्च

गाय मेली. कालच, दिवस मावळायच्या आत.

मला सकाळी कळलं. धावत गेलो. पशुवैद्य सारिका मॅडम आल्या होत्या. त्यांना कालच फोन गेला होता, पण त्या उताऱ्याचं निळं इंजेक्शन घेऊन पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. गाय पाय ताठ करून पडलेली, हिरड्या मातकट. त्यांनी सुई टोचून रक्त दाखवलं. काकवीसारखं तपकिरी. जन्मात असं रक्त पाहिलं नाही.

"विषबाधा आहे," त्या म्हणाल्या.

हा शब्द त्यांचा आहे, माझा नव्हे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढं त्या बरंच बोलल्या. युरिया कधी टाकला, किती टाकला, शेवटचं पाणी कधी दिलं, पाऊस कधी झाला. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, हे त्या मक्यातच आहे. खत भरपूर, वर पाणी नाही, मग खताचं पान होत नाही. ते तसंच बुंध्यात साठत राहतं. त्यात पाऊस आला की मुळं आणखी ओढतात. असा चारा उपाशी जनावरानं खाल्ला, की रक्त हे असं होतं. कुणालाही कापू देऊ नका. आधी पाणी द्या, दोन आठवडे जाऊ द्या. नाहीतर मुरघास करा, खड्ड्यात दीडेक महिना चांगला मुरू द्या, आणि तपासून मगच घाला. तोवर जनावरांना पोटभर पेंढा."

मी शांतपणे ऐकून घेतलं. मका हे विष! अर्ध्या जगाची जनावरं मका खातात. आणि युरिया सगळा देश टाकतो. पाणी द्या म्हणजे काय, संप मोडा. आणि खड्ड्यात पुरा म्हणजे काय, पुरावा पुरा. बाई वाईट नाहीत. पण त्यांची गाडी बंगल्याच्या फाटकातून आत जाताना मी पाहिली आहे. साहेबांच्या कुत्र्याला टोचायला.

नंदाबाई तिथंच उभी होती.  घरी आली आणि आमच्या गाईच्या, कपिलेच्या, गव्हाणीतला मक्याचा पेंडका उचलून उकिरड्यावर टाकला.

२८ मार्च

पारावर सगळा गाव. मी मुद्दे मांडले. गाईला विषबाधा झाली, हे सरकारी डॉक्टर सांगतात. आमचा मका यशस्वी झाला तर कुणाचं पोट दुखतं? आमच्या मक्याचं नाव खराब झालं तर कुणाचं फावतं?

मग झुंबरबाईला पुढं घेतलं. तिला खुर्ची दिली, ती खुर्चीत न बसता खालीच बसली.

"आक्का, गाय मेली त्या दिवशी तुमच्याकडं कोण कोण आलं होतं?"

"तू आलतास की भारा घेऊन."

"माझ्याखेरीज?"

"गोविंदा आलता. भाकर खायाला येतोय रोज दुपारचा."

"तो गोठ्यात गेला होता?"

"व्हय. गायीला पानी दावलं त्यानं. माझ्याच्यानं हांडा उचलत न्हाई ना आता."

"पाणी दावलं," मी लोकांकडं वळलो. "ऐकलंत? बंगल्याच्या राखणदारानं गाईला पाणी पाजलं, आणि गाय मेली."

पारावर जो हुंकार उठला तो अजून कानात आहे. झुंबरबाई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. "आरं पन तो रोजच दावतोय," असं काहीतरी म्हणत होती. तिचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. माझ्यापर्यंत पोचला, पण ती त्याची आत्या आहे, रक्ताचं माणूस सांभाळून घेणारच.

लोक बंगल्यावर गेले. मी पुढं होतो, म्हणून कुणी हात उचलला नाही, हे नोंदवून ठेवतो. कॉलर धरली एवढंच. गोविंदा मला म्हणाला, "भाऊ, मी? आत्याची गाय? मी?" दुसरं काही त्याला सुचलंच नाही. निरपराध माणूस याहून जास्त बोलतो.

२९ मार्च

साहेबानं गोविंदाला फोनवरूनच काढून टाकलं. म्हणजे कबुलीच झाली. मालक नेहमी आधी नोकर बळी देतो.

आज दुपारी तो, बाया आणि दोन बोचकी रस्त्यानं स्टेशनकडं जाताना दिसली. वाडीनं त्यांना थांबवलं नाही. नंदाबाई मात्र आडवी गेली आणि बायाच्या हातात काहीतरी बांधलेलं दिलं. मी विचारलं नाही.

३० मार्च

डॉक्टरीणबाईंनी घरोघर सांगत फिरायला सुरुवात केली आहे. लोक बिचकले. पप्पूसुद्धा म्हणाला, "भाऊ, दोन आठवडं थांबू का?" म्हणजे विष गोविंदानं घातलं आणि भीती मक्याची! अफवेला युक्तिवादानं हरवता येत नाही, कृतीनं हरवावं लागतं. उद्या सकाळी पारावर, सगळ्यांदेखत, मी माझ्या कपिलेला त्याच खाचरातला मका खाऊ घालून दाखवणार.

नंदाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

"गाय माझ्या म्हायेरची हाये."

"म्हणूनच तर. परक्याची गाय कुणीही पणाला लावील."

ती उठली आणि गोठ्यात गेली.

३१ मार्च

जिंकलो!

सकाळी कपिलेला न्यायला गेलो तर नंदाबाई पहाटेपासून तिच्यासमोर पेंढा टाकत बसलेली. गाईचं पोट ढोलासारखं तट्ट. मी रागावलो, आता ही मका खाईल कशी? म्हणून शेतात जाऊन वरचे कोवळे शेंडे तेवढे खुडून आणले, हाताच्या कवेत मावतील इतके. पारावर एकेक करून भरवले. गाय चवीनं खात होती आणि मी बोलत होतो. दुपार झाली, चार वाजले. कपिला शांतपणे रवंथ करत उभी.

"बघा," मी म्हणालो, "हिच्या रक्ताचा रंग तपासायचाय कुणाला?"

लोकांनी मला उचलून घेतलं. पप्पू तिथूनच विळा घेऊन शेताकडं पळाला. सहा-सात घरांनी आजच कापणी धरली. कडबाकुट्टीचा आवाज दिवस मावळेपर्यंत येत होता. बुंधे, पानं, सगळं बारीक होत होतं. कितीतरी दिवसांनी गावातली जनावरं हिरवं खाणार.

नंदाबाई कपिलेचा दोर धरून घरी घेऊन गेली. वाटेत पप्पूच्या दारात थांबून तिनं त्याच्या बायकोला काही सांगितलं म्हणे. ती बाई हसली आणि म्हणाली, "वैनी, भाऊंनी सोता घातलं की."

१ एप्रिल

पप्पूची दोन्ही. वरच्या आळीत एक म्हैस. वाडीत आणखी एक गाय. दोन-तीन अजून उभी आहेत, सारिका मॅडम रात्रभर निळी इंजेक्शनं घेऊन दारोदार फिरत होत्या.

रक्त तपकिरी.

गोविंदा इथं नाही. तीन दिवसांपासून नाही. मग कोण?

३ एप्रिल

काल पारावर सभा बोलावली होती. मुद्दे तयार होते. विष नेमकं कधी मिसळलं गेलं असेल, कडबाकुट्टीत की त्याआधी, गोविंदाचा साथीदार गावात कोण. लाऊडस्पीकर लावला. वेळ झाली, टळून गेली. कुणी आलं नाही. पप्पूच्या घराचं दार पारावरून दिसतं. ते उघडं होतं आणि आत माणसं बसलेली होती. ती तिथंच बसून राहिली.

एकटी झुंबरबाई आली. खाली बसली, मान खाली घालून. मी विचार केला, एक माणूस हीसुद्धा सभाच. आणि बोललो. पाऊण तास बोललो. त्या आवेशात मी आयुष्यात क्वचित बोललो असेन. ती मध्ये एकदाही हलली नाही.

थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "झालं का रं भाऊ?"

"झालं."

"मंग गोविंदाला फोन लावून दे. माझ्याकडं नंबर न्हाई."

माझ्याकडं होता. मी लावला. रिंग वाजली, त्यानं उचलला. लाऊडस्पीकर बंद करायचा राहिला होता आणि मी फोन तिच्या कानाशी धरला होता, माझ्या दुसऱ्या हातात माईक. त्यामुळं तिचा शब्द न् शब्द गावभर गेला.

"गोविंदा, आत्या बोलतीय. तू पानीच दावलं व्हतंस रं. मला ठावं हाये. मला बोलू दिलं न्हाई कुनी. तू ये परत."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिला आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, माझा फोन माझ्या हातात दिला आणि गेली.

म्हातारी भेदरलेली आहे. शोकात माणूस रक्ताकडं ओढला जातो. तिला पुन्हा एकदा नीट समजावून सांगावं लागेल. गावालाही. मला मान्य आहे की परिस्थिती गुंतागुंतीची झाली आहे. पण तत्त्व चुकलेलं नाही. संप चुकलेला नाही.

हे लिहीत असताना ओढ्याकडून आवाज येतो आहे. एकसारखा, घरघर. पहिल्यांदा वाटलं बंगल्याची मोटर. पण हा आवाज मी ओळखतो, हा आमचा पंप.

संप कुणी मोडला ते बघायला चाललो होतो. देवघराशेजारची खुंटी रिकामी आहे. नंदाबाईच्या चपला दारात नाहीत.

खिडकीतून खालची खाचरं दिसतात. पाणी पप्पूच्या मक्यात शिरलं आहे, माझ्यातही. पाटाच्या पाण्यावरून झेंडूची वाळलेली फुलं वाहत येताहेत.